पाहून सांगतो

पत्र येऊन पाच वर्षे होत आली होती आणि श्यामरावांनी त्याचे उत्तर दिले नव्हते. साकोलीच्या नव्या राईस मिलच्या पटांगणात, पत्र्याच्या डब्याचे झाकण अंगठ्याने दाबून बसवताना त्यांना ते आठवले. डबा हातात घेतला की दर वेळी आठवायचे. डब्यात मूठभर धान होते, उकडून उन्हात वाळवलेले, अजून कोमट.

"बाबूजी, एवढा वेळ कायले लावता?" मिलचे मालक कृष्णराव म्हणाले. "मशीन तं दोन मिंटात आकडा देते."

"आकडा देते. खरा देत नाही," श्यामराव म्हणाले. "उन्हातून उचललेलं धान वरून सुकलेलं असतं. आतली ओल टरफलापर्यंत यायला रात्र लागते. डब्यात बंद ठेवायचं, सकाळी मोजायचं. मग मीटर खोटं बोलत नाही."

पाच वर्षांत अकरा मिलांमध्ये त्यांनी हेच वाक्य सांगितले होते. लोक ते वहीत लिहून घेत. भंडारा जिल्ह्यात धानाची ओल मोजणारे लाल आकड्यांचे मीटर जिथे जिथे आले, तिथे ते कसे वापरायचे हे शिकवायला श्यामरावांनाच बोलावले जाई. त्यांचे खरे काम भंडाऱ्याच्या एका मिलमध्ये कारकुनाचे. पण आता त्यांना कोणी कारकून म्हणत नसे. मीटरबाबू म्हणत. चार माणसांसमोर बोलताना ज्याचा घसा कोरडा पडतो अशा माणसाला हे नाव कसे चिकटले, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटे.

पटांगण झाडणारी एक म्हातारी रेजा, मिलवरची मजूरबाई, खराट्यावर हात टेकून ऐकत होती. ती हसली.

"का झालं वो, रुखमिणी?" कृष्णरावांनी विचारले.

"काई नाई. हे तं आमची धुरपता सांगे. मूठभर धान पदरात बांधून ठेवे रातभर. म्हने, घाम येऊ दे त्याले, मंग दाताखाली घे. तिले कोनी मीटरबाई नाई म्हटलं."

श्यामरावांचा अंगठा झाकणावरच राहिला.

"कोंढ्याची धुरपता?"

"तेच. तुमी वळखता?"

"आमच्या मिलमध्ये होती. आता कुठे असते?"

"आता कुठची असते, बाबूजी. गेली. दिवारीच्या आगंमागं गेली." रुखमिणीने खराटा पुन्हा उचलला. "ओलं धान मिसळवलं म्हनून आळ आला होता ना तिच्यावर. मंग कोन्या मिलनं उभं केलं नाई. चाळीस वर्सं पाय घासले पटांगणावर, अन् आखरीले दुसऱ्याच्या वावरात निंदन करत होती. पोरगी हाये, सत्यवती. तिले पन कोनी घेत नाई."

"माह्याकडं आली होती ते पोरगी," कृष्णराव सहज म्हणाले. "मी नाई म्हटलं. धंद्यात नाव पाहून घ्या लागते, बाबूजी. माय तशी तं पोरगी कशी असन, काय सांगता येते?" मग थोडे थांबून, "काहून, तुमी तं तिथंच होते. खरं होतं का ते?"

श्यामरावांच्या ओठांवर दोन शब्द आले. तेच दोन शब्द. त्यांनी ते गिळले.

"बस निघेल माझी," ते म्हणाले, आणि छत्री, पिशवी घेऊन उठले.

भंडाऱ्याची बस हायवेला लागली. खिडकीजवळची जागा मिळूनही श्यामरावांनी बाहेर पाहिले नाही.

मीटर आले ते चौऱ्याऐंशीच्या माघात. भंडाऱ्याच्या मिलचे मालक भय्याजी यांना नव्या गोष्टीची हौस होती, आणि मिलमध्ये इंग्रजी नीट वाचता येणारा माणूस एकच होता. श्यामरावांना त्यांनी दोन दिवस नागपूरला पाठवले. ट्रान्झिस्टरएवढी पेटी, तिच्यावर धान ओतायला वाटी, काचेत लाल आकडे आणि सोबत चोवीस पानांचे इंग्रजी पुस्तक. ते पुस्तक श्यामरावांनी शब्दकोश घेऊन चार वेळा वाचले. त्याचे मराठी करून पाठकोऱ्या कागदांवर सुबक अक्षरात उतरवले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असे काहीतरी ठाऊक होते, जे आसपास कोणालाच ठाऊक नव्हते. घरी जेवताना ते निर्मलाबाईंना मीटरबद्दल सांगत, आणि निर्मलाबाईंना त्यातले काही कळले नाही तरी नवरा इतके बोलतो आहे याचेच कौतुक वाटून त्या ऐकत.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक टाइपात एक सूचना होती. नुकतेच वाळवलेले धान बंद भांड्यात आठ तास ठेवूनच मोजावे. तसे न केल्यास आकडा कमी येईल. श्यामरावांनी तीही उतरवली होती.

मीटर चालवून दाखवायला नागपूरहून कंपनीचा माणूस आला. मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा, तांदूळ व्हायचा. धान भिजवायचे, वाफेवर उकडायचे, पटांगणावर पसरायचे आणि बायांनी दिवसभर त्यात पाय ओढत फिरायचे, म्हणजे ते खालवर होऊन सारखे वाळते. त्या बायांच्या रांगेत सगळ्यांत पुढे धुरपता. धान केव्हा गोळा करायचे हे ती सांगायची. पायाला कळे, मग एक दाणा दाताखाली. ती "झालं" म्हणाली की झाले.

त्या दिवशी तिने दाणा चावला आणि मान हलवली.

"आजून एक ऊन पायजे. आतून ओलं हाये."

कंपनीच्या माणसाने पटांगणातलेच गरम धान ओंजळीने उचलून वाटीत ओतले. श्यामराव शेजारी उभे होते. त्यांच्या खिशात ते कागद होते. आता सांगावे, आठ तास थांबा म्हणावे, असे त्यांच्या मनात आले. पण भय्याजींनी गावातले दोन व्यापारी मुद्दाम बोलावले होते, पेढे मागवले होते, आणि कंपनीच्या माणसाला तोंडावर चूक सांगायची तर ती हिंदीत सांगावी लागली असती. श्यामराव मनात वाक्य जुळवत राहिले. तोवर आकडे उमटले.

"तेरह पॉइंट दो. एकदम सूखा है जी. मशीन को कौन सिखाएगा?"

"दात नाई त्याले, मंग चावलं कशानं?" धुरपता म्हणाली, आणि बाया खिदळल्या.

भय्याजीही हसले. "धुरपता, तुहे दात चाळीस वर्सांचे. हे काल आलं नागपूरहून. चाल, गोळा करा धान."

बाराव्या दिवशी गोदामातल्या त्या ढिगातून वाफ निघू लागली. हात घातला तर कोपरापर्यंत चटका बसे. आतले धान काळे पडले होते, कुबट वास साऱ्या मिलभर पसरला. भय्याजींनी कंपनीला फोन लावला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की मशीन कधी चुकत नाही, कोणी तरी मागाहून ओले मिसळले असेल. जुन्या लोकांना मशीन नको असते, इतर ठिकाणीही असे झाले आहे.

भय्याजींना ते पटले. धुरपताला त्यांनी ऑफिसच्या दारात उभे केले.

"तूच पानी मारलं. मशीनीले बदनाम कराले."

"मी कायले पानी मारू, भय्याजी? धान का माह्या वैऱ्याचं हाये?" धुरपता रडली नाही. ती आत टेबलाशी बसलेल्या श्यामरावांकडे वळली. "बाबूजी, तुमी तं पुस्तक वाचलं ना. त्यात लिवलं असन. सांगा ना यायले."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. दारातल्या बायांनी, हमालांनी, भय्याजींनी.

"मी... पुस्तकात पाहून सांगतो," श्यामराव म्हणाले.

धुरपताने मान डोलावली. जणू तेवढे तिला पुरेसे होते. लुगड्याचे गाठोडे घेऊन ती त्या दिवशी आपल्या गावी, कोंढ्याला गेली, ती मिलमध्ये परत आली नाही.

आठ दिवसांनी श्यामरावांनी बाजारातून पत्र्याचा एक डबा आणला. 'मोजण्याची सुधारित पद्धत' असे शीर्षक देऊन एक कागद भय्याजींपुढे ठेवला. त्यानंतर मीटर एकदाही चुकले नाही. भय्याजी चारचौघांत सांगू लागले, आमच्या बाबूजींनी मशीनीले शिस्त लावली.

पत्र शिमग्यानंतर आले. लिफाफा हाताला जरा खडबडीत लागला. शाळकरी, ठसठशीत अक्षर होते.

'श्यामराव बाबूजींस धुरपताचा नमस्कार. माझी पोरगी सत्यवती लिहून राहिली, मी सांगून राहिली. तुमी पुस्तकात पाहून सांगतो म्हनले होते. पाहालं का. सोबत पाच दाने पाठवते. त्याच ढिगातले हायेत, फेकून देल्ले होते त्यातले. वरून पानी मारलं असतं तं टरफलावर डाग पडला असता. डाग नाई. सोलून पाहा, पोटात काळं हाये. ओल आतलीच होती. हे एका कागदावर लिहून द्या. मले वाचता येत नाई पन दुसऱ्याले दाखवता येते.'

श्यामरावांनी एक दाणा सोलला. टरफल स्वच्छ, सोनेरी. आतला तांदूळ मधोमध काळा. उरलेले चार दाणे त्यांनी परत लिफाफ्यात टाकले आणि लिफाफा शब्दकोशात ठेवला, शेवटच्या भागात. तेव्हापासून त्या भागातले शब्द पाहायचे ते टाळत आले होते. उत्तर उद्या लिहू, असे पहिल्या वर्षी अनेकदा ठरले. दुसऱ्या वर्षी, इतक्या उशिरा काय लिहायचे, असे वाटू लागले. मग मीटरबाबू हे नाव पडले, आणि उत्तर लिहिणे म्हणजे ते नाव खरे कोणाचे आहे हे सांगणे झाले.

घरी पोचले तेव्हा निर्मलाबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. श्यामराव पाय न धुताच आत गेले, शब्दकोश काढून खाटेवर बसले.

निर्मलाबाईंनी दारातून पाहिले. "ते पत्र शोधता ना? शेवटी आहे. नेहमीच्याच जागी."

त्यांनी वर पाहिले.

"तू वाचलंस?"

"त्याच साली. पुस्तकं उन्हात टाकली होती, तेव्हा पडलं."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." निर्मलाबाईंनी पदराने हात पुसले. "मग वाटलं, लिहिलं असेल उत्तर, मला कशाला सांगतील? पण दाणे तसेच होते आत. उत्तर दिलेलं पत्र कोणी असं लपवत नाही."

"ती गेली," श्यामराव म्हणाले.

निर्मलाबाई खाटेच्या कडेला बसल्या. मग त्या उठल्या, फडताळातून कागद आणि दौत आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री भाकरीला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव भय्याजींपुढे उभे राहिले. बोलायला गेले तर पुन्हा तेच दोन शब्द निघाले असते, म्हणून त्यांनी लिहिलेला कागदच टेबलावर ठेवला.

भय्याजींनी चष्मा लावून वाचला. मधेच थांबून परत वरून वाचला.

"म्हणजे तुमाले त्याच दिवशी मालूम होतं."

"हो."

"अन् तुमी बोलले नाई."

"नाही."

भय्याजींनी कागद खाली ठेवला. चिडले नाहीत. चिडले असते तर श्यामरावांना सोपे गेले असते.

"बाबूजी, ते बाई तं मेली. आता कोनाले वाचाले देता हे? साल दोन सालात तुमी रिटायर व्हान. मले तालुक्यातल्या चार मिलवाल्यांत तोंड दाखवा लागते. मी म्हटलं होतं, पानी मारलं. आता म्हनू, नाई मारलं?"

"तिच्या पोरीला कोणी कामावर घेत नाही."

"मंग येऊ द्या तिले आपल्याकडं. गुपचूप लावून देतो पटांगणावर. झालं?"

"धुरपताने काम नव्हतं मागितलं," श्यामराव म्हणाले. "कागद मागितला होता. यावर मिलचा शिक्का पाहिजे."

भय्याजी खिडकीबाहेर पाहू लागले. पटांगणावर बाया रांगेने पाय ओढत चालल्या होत्या. धान सळसळत होते.

"लिवाचं तं लिवा," ते अखेर म्हणाले. "हात नाई धरत मी तुमचा. पन शिक्का नोका मारू."

शिक्का श्यामरावांच्याच टेबलाच्या खणात असे. खणाची किल्ली त्यांच्याच जानव्याला. त्यांनी ती सोडवली आणि भय्याजींच्या टेबलावर ठेवली. मग कागदाच्या तळाशी, जिथे शिक्क्यासाठी जागा सोडली होती, तिथे आपले पूर्ण नाव लिहिले आणि खाली 'मीटर चालवणारा' असे लिहिले. तसाच दुसरा कागद त्यांनी साकोलीच्या कृष्णरावांसाठी केला.

कोंढ्याला बस जात होती. स्वतः जावे, असे निर्मलाबाईंनी सुचवले होते. पण श्यामराव स्वतःला ओळखून होते. सत्यवतीच्या दारात उभे राहिले की तब्येतीची चौकशी होईल, चहा होईल आणि जे सांगायचे ते सोडून बाकी सगळे बोलून होईल. कागदाला तसे करता येत नाही.

पोस्टात गर्दी नव्हती. लाकडी बाकावर बसून त्यांनी पत्र शेवटचे वाचले.

'धुरपताबाईंस श्यामरावचा नमस्कार. पुस्तकात पाहिले. शेवटच्या पानावर तळाला आहे. वाळवलेले धान आठ तास बंद ठेवून मोजावे असे लिहिले आहे. त्या दिवशी तसे मोजले नाही. तुम्ही म्हणालात ते बरोबर होते, धान आतून ओले होते. तुम्ही पाणी मारले नाही, ओले मिसळले नाही. दाणा सोलून पाहिला, पोटात काळा होता. हे मला त्या दिवशीही माहीत होते. चूक मीटरची नव्हती, तुमची नव्हती, माझी होती. हा कागद कोणालाही दाखवावा. कोणी विचारल्यास मी तेथे येऊन सांगेन.'

शेवटचे वाक्य लिहिताना हात थांबला होता, तिथे शाईचा थेंब पडला होता. येऊन सांगणे आपल्याला जमेल का, याची त्यांना अजूनही खात्री नव्हती. पण ते खोडले नाही.

आत धुरपताचे नाव होते, लिफाफ्यावर सत्यवतीचे. त्यांनी जुन्या लिफाफ्यातले चार दाणे तळहातावर घेतले आणि नव्यात टाकले. डिंक लावून लिफाफा बंद केला आणि रजिस्टर करायला खिडकीशी दिला.

खिडकीतल्या कारकुनाने लिफाफा बोटांनी चाचपला. "काय आहे आत?"

"पत्र. आणि धान."

"धान?"

"चार दाणे. त्यांचेच आहेत, परत करतो आहे."

कारकून हसला. तरुण होता, नवीनच बदलून आला असावा. "पेरायला पाठवता का कोंढ्याला?"

"उकडलेलं आहे," श्यामराव म्हणाले. "उगवत नाही."

कारकुनाने दाणे बोटाने एका कोपऱ्यात सरकवले, त्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने तिकिटांवर शिक्का मारला आणि लिफाफा मागच्या पिशवीत टाकला. पावती श्यामरावांच्या हातात दिली. ती घेऊन ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

"आणखी काही, काका?"

"नाही," ते म्हणाले आणि खिडकीपासून बाजूला झाले.